रशियन सरदार घराण्यातल्या स्त्रीचं चरित्र आणि वंशावळ मराठीत कशी मांडावी

ताराराणींची ओळख करून देताना कोल्हापुरात 'सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक' हे सांगितल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. माहेर कळलं, सासर कळलं, की पुढच्या सगळ्या राजकारणाचा अर्थ लागतो. पण रशियन सरदार घराण्यातल्या बाईवर मराठीत लिहायची वेळ आली की आपण इंग्रजी मजकूर उघडतो आणि 'प्रिन्सेस अमुक, जन्म तमुक' असं सुरू करतो. मग माहेर हरवतं, वडिलांचं नाव गळतं, तारखा अकरा-बारा दिवसांनी सरकतात आणि राजाची मुलगी नसलेली बाई 'राजकन्या' होऊन बसते.

खाली दिलेली पद्धत महाविद्यालयातल्या प्रकल्पाला, वाचनालयातल्या भिंतीवरच्या प्रदर्शनाला आणि दिवाळी अंकातल्या लेखालाही चालते. उदाहरणासाठी येकातेरीना रोमानोव्ना दाश्कोवा (१७४३–१८१०) घेतली आहे. सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनची ही मैत्रीण १७६२च्या सत्तापालटात सामील होती आणि पुढं विज्ञान अकादमीची प्रमुख झाली. तिच्या घराण्याची कागदपत्रं भरपूर आहेत आणि चुकायलाही तितकीच जागा आहे, म्हणून शिकायला हे उदाहरण फार चांगलं.

सामान थोडंच लागतं. २२ × २८ इंचांची एक ड्रॉइंग शीट, पेन्सिल, खोडरबर, दोन रंगांची पेनं आणि ३ × ५ इंचांची तीसेक कोरी कार्डं. एका माणसाला एक कार्ड. संगणकावर वंशावळ काढायची घाई करू नका, कारण बहुतेक साच्यांत नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात आणि रशियन माणसाची खरी ओळख मधल्या तिसऱ्या नावात असते. कार्डावर आधी पेन्सिलीनं लिहा. तारीख दोन ठिकाणी जुळली की मगच शाई.

एकेरी की आदरार्थी, हेही पहिल्या ओळीआधीच ठरवून टाका. निम्म्या लेखात 'ती' आणि निम्म्यात 'त्या' झालं की वाचक गोंधळतो. इथं बालपणापासूनची हकिगत असल्यानं एकेरी ठेवलं आहे.

नाव

नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही रचना आपल्याला परकी नाही. येकातेरीना रोमानोव्ना म्हणजे रोमानची मुलगी येकातेरीना. मुलाला 'ओविच' किंवा 'येविच' लागतं, मुलीला 'ओव्ना' किंवा 'येव्ना'. भाऊ सेम्योन रोमानोविच, बहीण एलिझावेता रोमानोव्ना.

पण आपल्या सवयीमुळेच इथं पाय घसरतो. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं मधलं नाव बदलून नवऱ्याचं येतं. रशियात तसं होत नाही. आडनाव सासरचं येतं, मधलं नाव मरेपर्यंत वडिलांचंच राहतं. दाश्कोवाच्या नवऱ्याचं नाव मिखाईल होतं, म्हणून कुणी 'येकातेरीना मिखाइलोव्ना' लिहिलं तर त्यानं तिला नवऱ्याची मुलगी करून ठेवलं. मधलं नाव न बदलण्याचा फायदा मोठा आहे. कुठल्याही वयातलं पत्र हाती आलं तरी बाईच्या नावातच तिच्या वडिलांचा पत्ता असतो.

आडनावाला स्त्रीरूप असतं: वोरोन्त्सोवची वोरोन्त्सोवा, दाश्कोवची दाश्कोवा, वोल्कोन्स्कीची वोल्कोन्स्काया. मराठीत लिहिताना शेवटी 'व' ठेवा किंवा 'व्ह', पण सगळीकडे एकच. 'व' ठेवला तर 'दाश्कोव–दाश्कोवा' ही जोडी नजरेला पटकन कळते, म्हणून आम्ही तोच ठेवतो. 'वोरोन्त्सोव'मधला 'त्स' हा आपल्या 'चमचा'मधल्या 'च'च्या अगदी जवळचा उच्चार आहे. पण नुसता 'च' लिहिला तर वाचक तो 'चहा'चा वाचेल की 'चंद्रा'चा, हे सांगता येत नाही. 'त्स'च बरा.

एक अक्षर मात्र खास जपा. रशियन लिपीतलं 'यो' हे अक्षर ए-च्या डोक्यावर दोन ठिपके देऊन लिहितात आणि छापताना ते ठिपके बहुतेक वेळा गाळतात. त्यामुळं 'सेम्योन' हे नाव 'सेमेन' असं दिसतं आणि मराठीतही तसंच उतरतं. 'प्योत्र'चं 'पेत्र' होतं ते यामुळंच. हे अक्षर वापरावं अशी सूचना दाश्कोवानंच नोव्हेंबर १७८३मध्ये रशियन अकादमीच्या बैठकीत मांडली होती. तिच्याच चरित्रात तिच्या सख्ख्या भावाच्या नावातलं ते अक्षर चुकू नये.

पदवी

क्न्याझ, क्न्यागिन्या, क्न्याझ्ना हे तीन शब्द वेगळे ठेवा. क्न्याझ (इंग्रजीत 'प्रिन्स') हा पुरुष, क्न्यागिन्या त्याची बायको, क्न्याझ्ना त्याची अविवाहित मुलगी. इंग्रजीत बायको आणि मुलगी दोघींनाही एकच शब्द आहे, आणि तिथूनच मराठीतली 'राजकन्या' जन्माला येते. दाश्कोवा कुणा राजाची मुलगी नव्हती, ती क्न्याझ मिखाईल इवानोविच दाश्कोवची बायको होती. लेखात एकदा 'क्न्यागिन्या' लिहून अर्थ सांगा आणि पुढं नुसतं 'दाश्कोवा' म्हणा. ग्राफ (इंग्रजीत 'काउंट') ही पदवी वेगळी. तिचं स्त्रीरूप ग्राफिन्या, आणि ते बायकोला व मुलीला दोघींनाही चालतं.

कोल्हापूरच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पदवी म्हटलं की कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड येतात. ठिकाण, जहागीर आणि कारभार एकत्र. रशियन पदवी अशी गावाला बांधलेली नव्हती. ती घराण्याची होती आणि थोरल्यापुरती नव्हती. क्न्याझचे सगळे मुलगे क्न्याझ, सगळ्या मुली क्न्याझ्ना. म्हणून रशियन इतिहासात इतके 'प्रिन्स' भेटतात, आणि त्यातल्या कित्येकांकडं राज्य तर नाहीच, धड जमीनही नसते.

पदवीपुढं वर्ष लिहायची सवय लावून घ्या. दाश्कोवाचा उल्लेख सर्रास 'जन्मानं ग्राफिन्या वोरोन्त्सोवा' असा होतो. तिच्या वडिलांना, रोमान इलारिओनोविचना, ग्राफ ही पदवी मिळाली १७६०मध्ये. तिचं लग्न झालं फेब्रुवारी १७५९मध्ये. काका मिखाईल मात्र १७४४पासून ग्राफ होते आणि ती वाढली त्यांच्याच घरी, म्हणून हा घोटाळा होतो. वर्षं शेजारी शेजारी मांडली की तो लगेच सुटतो.

बाईची पदवी नवऱ्यामागं जाते, हे तिच्या घरातल्या तीन बायकांवरून नीट कळतं. ती स्वतः लग्नानं क्न्यागिन्या झाली. मुलगी अनास्तासिया जन्मानं क्न्याझ्ना होती, पण १७७६मध्ये तिचं लग्न आंद्रेई श्चेर्बिनिनशी झालं, त्याला पदवी नव्हती, म्हणून तिचीही गेली. आणि मुलगा पावेलनं १७८८मध्ये अन्ना सेम्योनोव्ना अल्फेरोवा या व्यापाऱ्याच्या मुलीशी आईला न विचारता लग्न केलं, तेव्हा ती अन्ना क्न्यागिन्या दाश्कोवा झाली. म्हणजे १७८८नंतरच्या कागदात नुसतं 'क्न्यागिन्या दाश्कोवा' आलं तर सासू की सून, हे मधल्या नावावरून ठरवावं लागतं.

तारखा

रशियात ३१ जानेवारी १९१८पर्यंत जुनी, म्हणजे ज्युलियन, दिनदर्शिका चालू होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी १४ फेब्रुवारी उजाडली. त्याआधीच्या तारखा आपल्या नेहमीच्या तारखांत आणायला १८व्या शतकासाठी ११ दिवस मिळवा, १९व्यासाठी १२, २०व्यासाठी १३. मोडी कागदातली शुहूर सनाची किंवा फसलीची तारीख ज्यांनी सोडवली आहे त्यांना हे अगदीच सोपं जाईल.

दाश्कोवाचा जन्म १७ मार्च १७४३ (जुनी), म्हणजे २८ मार्च. सत्तापालट २८ जून १७६२, म्हणजे ९ जुलै. मृत्यू ४ जानेवारी १८१०. इथं शतक बदललं आहे, म्हणून १२ मिळवून १६ जानेवारी. ११ मिळवून १५ लिहिणं ही नेहमीची चूक. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा दिवस मिळवणं. कार्डावर '१७ (२८) मार्च १७४३' अशा दोन्ही तारखा लिहिल्या की ही भानगडच राहत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या अकरा ते तेरा दिवसांतली तारीख बदलताना वर्षही पुढं जातं, तेवढं सांभाळा.

चर्चच्या जन्मनोंदीत जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख अशा दोन असतात. पत्रांत तर तिसरीच येते, नामदिनाची. रशियन घरात ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा दिवस साजरा व्हायचा. 'येकातेरीनाच्या दिवशी मेजवानी झाली' असं वाचून २४ नोव्हेंबर हा तिचा वाढदिवस लिहू नका. तो संत कॅथरीनचा दिवस आहे.

आता जन्मवर्षाकडं जरा जवळून पाहू, कारण वंशावळ कशासाठी काढायची ते इथं कळतं. दाश्कोवा आपल्या आठवणींत स्वतःचा जन्म १७४४चा सांगते. स्वतः सांगते म्हटल्यावर तेच खरं धरावं असं कुणालाही वाटेल. पण तिच्या भावाचं कार्ड काढा. सेम्योन रोमानोविच, जन्म १५ (२६) जून १७४४, आई तीच, मार्फा इवानोव्ना. मार्च १७४४ला बहीण आणि त्याच वर्षी जूनला भाऊ, हे शक्य नाही. तिचा जन्म १७४३चाच असला पाहिजे. म्हणजे सत्तापालटाच्या दिवशी ती १९ वर्षांची होती, १८ची नव्हे. एका भावाच्या कार्डानं बहिणीचं वय दुरुस्त केलं. म्हणून भावंडांची कार्डं 'कशाला हवीत' म्हणून टाळू नका.

नाती: इथं मराठी कामाला येते

हा भाग सगळ्यात आनंदाचा आहे. इंग्रजीत अंकल, कझिन, सिस्टर-इन-लॉ यांत सगळी नाती एकाच पोत्यात भरली जातात. मराठीत तसं नाही, आणि रशियनमध्येही सासरची नाती सुटी सुटी आहेत. नवऱ्याचा भाऊ देवेर, आपला दीर. नवऱ्याची आई स्वेक्रोव, आपली सासू. मुलाची बायको स्नोखा, आपली सून. नवऱ्याच्या भावाची बायको, जुन्या रशियनमध्ये यात्रोव, आपली जाऊ. हे शब्द नुसते अर्थानं जुळत नाहीत, ते एकाच मुळाचे आहेत. संस्कृतातले देवृ, श्वश्रू, स्नुषा आणि यातृ समोर ठेवले की दोन्हीकडचं घर एकदम ओळखीचं वाटू लागतं. नणंदेला झोलोव्का, मेहुण्याला शुरिन, साडूला स्वोयाक. व्याह्यालाही शब्द आहे, स्वात, आणि विहिणीला स्वात्या. इंग्रजीत व्याही-विहिणीला शब्दच नाही. तेव्हा रशियन मजकूर मिळत असेल, निदान कुणी तो वाचून दाखवणारा असेल, तर ही नाती सरळ मराठीत आणा, इंग्रजीच्या वाटेनं नको.

जिथं रशियन शब्द ढोबळ आहे तिथं मात्र थांबावं लागतं. द्याद्या म्हणजे काकाही आणि मामाही. चुलत, मामे, आते, मावस या चारही भावांना एकच शब्द. प्लेम्यान्निक म्हणजे पुतण्या किंवा भाचा. मराठीत लिहिताना निवड करावीच लागते, आणि ती अंदाजानं करायची नसते. मधल्या नावाकडं बघा. 'द्याद्या मिखाईल इलारिओनोविच' हा काका की मामा? दाश्कोवाचे वडील रोमान इलारिओनोविच. दोघांचे वडील इलारिओन, आडनाव वोरोन्त्सोव, म्हणून काका. मामा असता तर आई मार्फा इवानोव्ना सुर्मिना, म्हणून तो इवानोविच सुर्मिन असता. इथंही एक खड्डा आहे. तिचा नवराही मिखाईल इवानोविचच. आईचे वडील इवान आणि सासरेही इवान. म्हणून नुसतं मधलं नाव पुरत नाही, आडनाव जोडीनं बघा.

एकाच नावाची माणसं तर ढीगभर. या एका घरात चार मिखाईल आहेत: काका मिखाईल इलारिओनोविच (१७१४–१७६७), नवरा मिखाईल इवानोविच (१७३६–१७६४), तान्हेपणी गेलेला मुलगा मिखाईल मिखाइलोविच, आणि सेम्योनचा मुलगा मिखाईल सेम्योनोविच (१७८२–१८५६), जो पुढं काकेशसचा सुभेदार झाला. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे शाहू यांत जी गल्लत बाहेरगावचे लोक करतात, तीच इथं आपण करतो. कार्डावर कोपऱ्यात क्रमांक टाका आणि लेखात पहिल्यांदा येताना नातं सांगा: 'काका मिखाईल', 'नवरा मिखाईल'.

शेवटचा मिखाईल दाश्कोवाचा कोण? बाईच्या भावाचा मुलगा तिचा भाचा, पुरुषाच्या भावाचा मुलगा त्याचा पुतण्या. म्हणजे हाच मुलगा दाश्कोवाचा भाचा आणि तिचा भाऊ अलेक्सांद्र याचा पुतण्या. अनुवाद करताना कुणाच्या तोंडून नातं येतंय हे पाहिल्याशिवाय शब्द लिहू नका.

शीटवर मांडणी

दाश्कोवाला शीटच्या मधोमध ठेवा, सगळ्यात वर नको. डावीकडं माहेर, उजवीकडं सासर. वर सगळ्यात आधी आजोबा इलारिओन गाव्रिलोविच (१६७४–१७५०). त्यांच्याखाली तीन मुलगे: रोमान, मिखाईल, इवान. रोमानशेजारी मार्फा इवानोव्ना, जी १७४५मध्ये वारली तेव्हा येकातेरीना जेमतेम दोन वर्षांची होती. मिखाईलशेजारी अन्ना कार्लोव्ना स्काव्रोन्स्काया, सम्राज्ञी एलिझावेताची मामेबहीण. ही एक जोडरेघ काढली की वोरोन्त्सोव घराणं दरबारात इतकं वर कसं गेलं ते निम्मं कळतं. त्यांची मुलगी अन्ना मिखाइलोव्ना, जिच्याबरोबर आपली येकातेरीना वाढली.

पुढच्या ओळीत भावंडं: मारिया, एलिझावेता, अलेक्सांद्र, येकातेरीना, सेम्योन. याच क्रमानं, कारण जन्मक्रमच तसा आहे. एलिझावेताच्या कार्डाला वेगळा रंग द्या. ती सम्राट तिसऱ्या प्योत्रची, म्हणजे कॅथरीनच्या नवऱ्याची, प्रेयसी होती, आणि त्याच प्योत्रला पदच्युत करणाऱ्यांत धाकटी बहीण सामील होती. काका त्याचे चॅन्सेलर, म्हणजे परराष्ट्र कारभाराचे प्रमुख. एका घरात दोन बाजू, हे लेखात चार परिच्छेद घालवून सांगण्यापेक्षा शीटवर दोन रंगांत दाखवणं सोपं. अलेक्सांद्र पुढं स्वतः चॅन्सेलर झाला, सेम्योन लंडनमध्ये राजदूत. सेम्योनची मुलगी येकातेरीना १८०८मध्ये इंग्लंडच्या पेम्ब्रोक घराण्यात दिली, आणि तिचा मुलगा सिडनी हर्बर्ट म्हणजेच फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या पाठीशी उभा राहिलेला मंत्री.

उजवीकडं नवरा, तीन मुलं (अनास्तासिया १७६०, मिखाईल १७६१, पावेल १७६३), जावई आणि सून. विवाहाला दुहेरी रेघ, अपत्याला एकेरी. लहानपणी गेलेल्या मुलाला वगळू नका. त्याचं कार्ड नसलं की पावेल हा एकुलता मुलगा वाटतो, आणि 'घराण्याचा एकमेव वारस' ही गोष्ट आधीपासूनच ठरलेली होती असा भास होतो. तसं नव्हतं.

वारस आणि नाव

पावेल १८०७मध्ये गेला. त्याला कायदेशीर अपत्य नव्हतं, दाश्कोव हे नाव बुडत होतं. तेव्हा सम्राट पहिल्या अलेक्सांद्रच्या परवानगीनं ग्राफ इवान इलारिओनोविच वोरोन्त्सोव (१७९०–१८५४) या तरुणानं 'वोरोन्त्सोव-दाश्कोव' असं जोडनाव घेतलं. तो दाश्कोवाच्या इवानकाकांचा नातू, म्हणजे तिच्या चुलतभावाचा मुलगा. सासरचं नाव माहेरच्या मुलानं पुढं चालवलं.

हे वाचून मराठी लेखक 'दत्तक' लिहून मोकळा होतो. कोल्हापूरला दत्तक म्हणजे काय हे सांगायला नको. १७ मार्च १८८४ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. नाव, घराणं, गादी, सगळं बदललं. रशियन प्रकरणात यातलं काहीच बदललं नाही. मुलाचे वडील तेच राहिले, मधलं नाव तेच राहिलं, फक्त आडनाव जोडाचं झालं. आणि तो ग्राफच राहिला, दाश्कोवांची क्न्याझ ही पदवी त्याला आली नाही. म्हणून शीटवर दत्तकाची खूण करू नका. तुटक रेघ काढा आणि शेजारी 'फक्त नाव, १८०७' असं लिहा.

जमीन, पैसा, हिस्से

१७५३पासून रशियात विवाहित उमराव स्त्रीला स्वतःच्या नावावरची मालमत्ता नवऱ्याच्या संमतीशिवाय विकता येत होती. आपल्याकडं हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा कायदा १९३७मध्ये आला, हे लक्षात घेतलं की या बायका कर्ज, खरेदी, गहाण यांवर पत्रांत इतकं का लिहितात ते समजतं. विधवेचा हिस्सा ठरलेला होता: स्थावरात एक सप्तमांश, जंगमात एक चतुर्थांश. भाऊ असतील तर मुलीला स्थावरात एक चौदांश आणि जंगमात एक अष्टमांश. दाश्कोवा २१व्या वर्षी विधवा झाली. नवऱ्यानं कर्ज मागं ठेवलं होतं आणि ते फेडणं हेच तिचं पुढच्या काही वर्षांचं मुख्य काम झालं. 'विधवा झाली आणि परदेशी गेली' असं एका ओळीत लिहिलं तर ही वर्षं गायब होतात. परदेशी ती १७६९मध्ये गेली, नवरा १७६४मध्ये वारला.

जहागीर मोजायची ती माणसांवर. कागदात '१,००० दुशा' असं असेल तर त्याचं 'हजार आत्मे' करू नका. त्या भूदासांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांच्या, एक हजार पुरुष-डोया, कारण डोईपट्टी पुरुषांवरच बसायची, आणि ती १८व्या शतकात बराच काळ डोईमागं ७० कोपेक होती. बायका धरल्या तर वस्ती साधारण दुप्पट होते. या माणसांना जमिनीबरोबर विकता येत होतं, गहाण टाकता येत होतं. बाईचं कौतुक लिहिताना हा आकडा झाकू नका.

जमीन देस्यातिनात असते. एक देस्यातिना म्हणजे जवळपास २ एकर २८ गुंठे. लेखात एकर-गुंठ्यांत द्या, आपल्या वाचकाला अंदाज येतो. अंतर वेर्स्तात, एक वेर्स्त म्हणजे १ किलोमीटरपेक्षा ६७ मीटर जास्त. वजन पुदात, सुमारे १६.४ किलो.

तिच्या आठवणी कितपत मानाव्यात

दाश्कोवानं आठवणी लिहिल्या म्हातारपणी, फ्रेंचमध्ये, सत्तापालटानंतर चाळीसेक वर्षांनी. तेव्हा मार्था विल्मॉट ही आयरिश तरुणी तिच्याकडं राहत होती आणि लिहिण्याचा आग्रह तिचाच. इंग्रजी रूप लंडनला १८४०मध्ये आलं, रशियन १८५९मध्ये, तेही लंडनमध्येच. फ्रेंच मजकूर वोरोन्त्सोव घराण्याच्या कागदपत्रांच्या २१व्या खंडात १८८१मध्ये छापला गेला. त्या मालिकेचे एकूण ४० खंड १८७० ते १८९५ या काळात निघाले आणि तिच्या भावांची पत्रं त्यातच आहेत. म्हणून आठवणी वाचताना भावांची पत्रं शेजारी ठेवा.

सत्तापालटाबद्दल तिच्या लिखाणात ती स्वतः केंद्रस्थानी आहे. कॅथरीननं मात्र ऑगस्ट १७६२मध्ये आपल्या जुन्या पोलिश प्रियकराला, पोनियातोव्स्कीला, लिहिलेल्या पत्रात तिचा वाटा फारच कमी करून सांगितला आहे. दोघींनाही आपापलं कारण होतं. दोन्ही बाजू मांडा आणि त्या दिवशी ती सैनिकी पोशाखात कॅथरीनबरोबर निघाली होती, यासारखी ठाम गोष्ट वेगळी काढा.

आठवणी जिथं गप्प आहेत तिथं जास्त लक्ष द्या. मुलीबद्दल ती फार थोडं सांगते. त्यांचं इतकं बिनसलं होतं की दाश्कोवानं अनास्तासियाला वारशातून काढलं. सुनेला तिनं जवळजवळ एकोणीस वर्षं, पावेल जाईपर्यंत, तोंड दाखवू दिलं नाही. युरोपातल्या विद्वानांशी बरोबरीनं बोलणारी, मुलाला एडिनबरा विद्यापीठात शिकवून १७७९मध्ये पदवीधर करणारी हीच बाई. या दोन गोष्टी एकाच पानावर यायला हव्यात. यातलं एक लपवलं तर चरित्र राहत नाही, नुसतं गुणगान उरतं.

पदांबद्दल एकच सूचना, पण ती पाळाच. संस्था दोन आहेत. २४ जानेवारी १७८३च्या आदेशानं ती विज्ञान अकादमीची संचालक झाली. अध्यक्षपद नावापुरतं ग्राफ किरिल राझुमोव्स्कीकडंच होतं. त्याच वर्षी स्थापन झालेल्या रशियन अकादमीची मात्र ती अध्यक्ष होती, आणि १७८९ ते १७९४मध्ये निघालेला ४३,२५७ शब्दांचा सहा खंडी कोश या दुसऱ्या संस्थेचा. १७९६मध्ये कॅथरीनचा मुलगा, सम्राट पावेल पहिला, गादीवर आल्यावर तिची सगळी पदं गेली आणि नोव्हगोरोद प्रांतातल्या कोरोतोवो गावी तिला हद्दपार करण्यात आलं.

पहिला परिच्छेद साधारण असा बसवता येतो:

'येकातेरीना रोमानोव्ना दाश्कोवा, माहेरची वोरोन्त्सोवा. जन्म १७ (२८) मार्च १७४३, सेंट पीटर्सबर्ग. रोमान इलारिओनोविच वोरोन्त्सोव यांची धाकटी मुलगी. आई लहानपणीच गेल्यानं ती काका मिखाईल यांच्या घरी वाढली. १७५९मध्ये क्न्याझ मिखाईल इवानोविच दाश्कोव याच्याशी लग्न. तीन मुलं, त्यांतली दोन मोठी झाली. १७६४मध्ये वैधव्य. मृत्यू ४ (१६) जानेवारी १८१०, मॉस्को. दफन कालुगा प्रांतातल्या त्रोइत्स्कोये या तिच्या गावी.'

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही आणि तशी गरजही पडत नाही. शीट भिंतीवर चढवण्याआधी घरातल्या एखाद्या आजीला समोर बसवून कार्डं मोठ्यानं वाचून दाखवा. 'म्हणजे ही तिची कोण?' असं जिथं विचारलं जाईल, तिथं नातं चुकलंय किंवा लिहायचं राहिलंय. तेवढं कार्ड काढून पुन्हा पेन्सिलीनं लिहा.